भोंगा कुणाला ऐकू गेला

बाईंच्या घरी राहायला गेले त्या दिवशी त्यांनी मला माझी खोली दाखवायच्या आधी बाथरूममधली जाळी दाखवली. उकिडवं बसून ती स्वतः उचलली, आत बोट घालून एक केस बाहेर काढला आणि म्हणाल्या, "हे रोज करायचं. आलेलं पाणी जाणार कुठून, हे आधी बघायचं. बाकीचं घर सावकाश बघ."

मी पुण्याहून सिंगापूरला नोकरीसाठी आले होते. धरणं, बोगदे, वीजघरं असल्या मोठ्या कामांचा विमा उतरवण्याआधी तिथे धोका किती आहे ते तपासून देणं, हे आमच्या छोट्याशा कंपनीचं काम. मी कॉम्प्युटरवर नकाशे आणि आकडे बघायची, बाई प्रत्यक्ष जागेवर जायच्या. त्यांनी साठी ओलांडली होती. नवरा बँकेत होता, त्याच्याबरोबर त्या इथे आल्या; तो गेला तरी त्या इथेच राहिल्या. मुलगा ऑस्ट्रेलियात. यिशुन या उपनगरातल्या त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी होती, आणि मला भाड्याची खोली हवी होती.

मी पहिल्यांदा त्यांना काकू म्हणाले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "काका दिसतात का कुठे? मग काकू कशाला? बाई म्हण. साइटवर सगळे बाईच म्हणायचे." त्या तरुणपणी सांगलीकडच्या एका धरणावर इंजिनिअर होत्या. बाईमाणसाला उतरायला जागा नाही, म्हणून साहेबांनी त्यांना ऑफिसातच ठेवायचं ठरवलं होतं. बाईंनी सिमेंटच्या गोदामाशेजारी तंबू ठोकला आणि साहेबांना चहाला बोलावलं. साहेब आले, चहा प्यायले आणि विषय संपला.

त्यांच्या सवयी माझ्या लवकरच अंगवळणी पडल्या. कुठल्याही नव्या इमारतीत शिरलं की त्या आधी गटार कुठे आहे ते शोधायच्या. जोराचा पाऊस आला की छत्री घेऊन कालव्यावर जायच्या आणि काठाच्या कठड्याला टेकून वाहतं पाणी बघत उभ्या राहायच्या, जशी इतर माणसं क्रिकेटची मॅच बघतात. "या लोकांनी पाण्याला आधी जागा दिली," त्या सिंगापूरबद्दल म्हणायच्या, "मग स्वतः राहायला आले. म्हणून मी इथे टिकले." दर शनिवारी पिठलं-भाकरी असायची. ज्वारीचं पीठ लिटिल इंडियातल्या एकाच दुकानातलं चालायचं, आणि त्या दुकानदाराला पीठ कधी दळलं हे खरं सांगावं लागायचं. तो बिचारा त्यांना बघितलं की आपणहून आतलं पोतं उघडायचा.

त्यांच्याशी वाद घालणं अवघड होतं, कारण त्या आवाज चढवत नसत. एकदा म्हटलेलं वाक्य पुन्हा त्याच शब्दांत म्हणत. तिसऱ्या वेळेला समोरचा थकायचा.

एका रविवारी त्या मला पुलाउ उबीन बेटावर घेऊन गेल्या. मला वाटलं, सहल. बंबोट नावाच्या छोट्या लाकडी होडीतून उतरल्यावर सायकली भाड्याने घेतल्या आणि बाई थेट एका जुन्या दगडखाणीपाशी जाऊन थांबल्या. खाण केव्हाच बंद पडलेली, तिच्यात हिरवं पाणी साठून मोठं तळं झालेलं. चारी बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे.

"हे फुटेल का?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "अखंड दगड आहे."

"बरोबर. आता ज्याला अखंड दगड नाही त्याचं काय होतं, ते परत गेल्यावर दाखवते."

परत आल्यावर त्यांनी चांगीच्या धक्क्याजवळ, खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये एक आइस काचांग मागवलं. किसलेल्या बर्फाचा डोंगर, वरून रंगीत पाक, तळाला लाल चवळीसारखे दाणे आणि जेलीचे तुकडे. बाईंनी ते बशीत उपडं केलं. मग चमच्याने दाणे आणि बर्फाचा चुरा एका बाजूला ओढून त्यांचा बांध केला. बर्फ वितळत होता, पाक बांधामागे साठत होता.

"हिमनदी मागे सरकते ना, तेव्हा तिने पुढे ढकललेला दगडगोट्यांचा ढीग तसाच राहतो. त्याच्यामागे वितळलेलं पाणी साठतं. झालं तळं. बांध कुणी बांधलेला नाही, त्याला सांडवा नाही, आणि त्याच्या पोटात जुना बर्फ आहे, तोही वितळतोय. मग एक दिवस वरून हिमकडा पडतो." त्यांनी डोंगराचा शेंडा चमच्याने पाकात लोटला. बांध एका जागी खचला आणि लाल पाक दाण्यांसकट टेबलावरून माझ्या मांडीवर आला.

"तू गावाच्या जागी बसली होतीस," बाई म्हणाल्या आणि मला कागदी रुमाल दिला.

त्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर पूर्व हिमालयातल्या एका वीजप्रकल्पाचं काम आलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

खोऱ्याच्या माथ्यावर असंच एक तळं होतं. उपग्रहाच्या चित्रांत मी त्याला वर्षागणिक वाढताना बघत होते. खाली नदीवर प्रकल्पाचा बंधारा, तिथून पाणी बोगद्यात जायचं आणि पार खाली वीजघरात निघायचं. तळ्यावर यंत्रं बसवली होती. तळं फुटलं की एक भोंगा बंधाऱ्यापाशी वाजणार, दुसरा वीजघरापाशी. आमच्या अहवालात एक वाक्य घालायचं होतं: खोऱ्याला इशारा देण्याची व्यवस्था चालू स्थितीत आहे. त्याखाली बाईंची सही.

बाई नकाशा घेऊन माझ्याकडे आल्या. बंधारा आणि वीजघर यांच्या मधोमध, नदीच्या वळणाआड, घरांचे ठिपके होते. त्यातला एक ठिपका लांबट होता आणि नदीला अगदी लागून.

"हे काय आहे?"

"शाळा असावी," मी म्हटलं. "पुढे मैदान दिसतंय."

"हिला भोंगा ऐकू जातो?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. प्रकल्पाच्या लोकांनी कळवलं की भोंगे उत्तम आहेत, दर महिन्याला वाजवून बघतो. बाईंनी पुन्हा विचारलं, शाळेत ऐकू जातो का. उत्तरादाखल त्यांनी भोंग्याच्या कंपनीचं पत्रक पाठवलं.

आमचे बॉस इथलेच, चिनी सिंगापुरी, मवाळ स्वभावाचे गृहस्थ. त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. मी नकाशे घेऊन बरोबर होते.

"आपण वीजघराचा धोका तपासतोय," ते म्हणाले. "गाव आपल्या कामात येत नाही, लाह." इथे वाक्याच्या शेपटाला असा 'लाह' येतोच.

"वाक्यात खोरं आहे," बाई म्हणाल्या. "गाव खोऱ्यात आहे."

"मग वाक्य बदलू. कर्मचाऱ्यांना इशारा देण्याची व्यवस्था."

"बदला. मग विमा कंपनी विचारेल, बाकीच्यांचं काय. मी खरं सांगेन."

बॉसनी कपाळ चोळलं. "तुम्हाला नक्की काय हवंय?"

"तिथे जाऊन ऐकायचंय."

वीजघरापर्यंत जीप जात होती, पण पुढे गावापर्यंत दिवसभराची चढउताराची पायवाट होती, आणि बाईंचे गुडघे सगळ्या ऑफिसला माहीत होते. कंपनी त्यांना पाठवायला तयार होईना. दुसऱ्या कुणाला पाठवू म्हणाले, तर दुसरा कुणी जायला तयार होईना. शेवटी बाईंनी रजा टाकली आणि स्वतःच्या खर्चाने जायचं ठरवलं.

त्या रात्री जेवताना मी विचारलं, "बाई, एवढं कशासाठी? तुम्ही सही करू नका, झालं. दुसरं कुणी करेल."

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "आमच्या धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी भोंगा व्हायचा. खाली कोरड्या पात्रात एक जण कलिंगडं लावायचा. त्याच्या गावाजवळ साखर कारखाना होता, त्याचाही भोंगा व्हायचा. त्याला वाटलं, कारखान्याचा. आम्ही चौकशीत लिहिलं, भोंगा वाजवला होता. वाजवलाच होता. ते लिहिणाऱ्यांत मी होते." तुकडा पुन्हा उचलून त्या म्हणाल्या, "भोंगा वाजला का, हा प्रश्नच नाही. कुणाला ऐकू गेला, हा प्रश्न आहे. मला तेव्हा तो सुचला नाही. आता सुचतोय, तर विचारणार."

आणि मग आमच्या ब्लॉकने एक नवल पाहिलं. सिंगापुरात डोंगर नाही, म्हणून बाई आमच्या इमारतीचा जिना चढायला लागल्या. पाठीवर सॅक, सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या. दर आठवड्याला एक पिशवी वाढायची. गुडघ्यांना पट्टे बांधून त्या एकेक पायरी चढायच्या, वर पोचल्या की लिफ्टने खाली यायच्या, कारण उतरताना गुडघे जास्त झिजतात असं डॉक्टरने सांगितलं होतं. तळमजल्यावर बसणाऱ्या एका चिनी अंकलना हे गौडबंगाल कळेना.

"आंटी, लिफ्ट स्पॉइल आह?" त्यांनी विचारलं.

"नॉट स्पॉइल. आय अॅम गोइंग टु हिमालया."

अंकलनी विचार केला. "हिमालया गॉट लिफ्ट ऑर नॉट?"

"नॉट."

"देन मस्ट क्लाइम्ब, लाह," अंकल गंभीरपणे म्हणाले, आणि त्या दिवसापासून बाई खाली आल्या की ते त्यांच्यासाठी बार्लीचं पाणी घेऊन बसायला लागले. आमच्या मजल्यावरच्या मकचिक, म्हणजे मलय मावशी, तेल चोळून द्यायच्या आणि प्रत्येक वेळी म्हणायच्या, या वयात हे करू नये. बाई प्रत्येक वेळी म्हणायच्या, बरोबर आहे, आणि दुसऱ्या दिवशी चढायच्या.

मी त्यांना विमानतळावर सोडलं तेव्हा मला मनातून वाटत होतं, वीजघरापासूनच परत येतील.

बाई पोचल्या. पायवाटेवर एक मुक्काम जास्त पडला, एक गुडघा सुजला, पण पोचल्या. तळ्यापर्यंत त्या गेल्याच नाहीत. "तळं उपग्रहातून दिसतं," त्या नंतर म्हणाल्या. "शाळेच्या अंगणातला आवाज दिसत नाही." गावातले मास्तर पस्तिशीचे, हिंदी बोलणारे, चटकन कामाला लागणारे निघाले. बाईंनी वीजघराच्या इंजिनिअरशी आधीच ठरवून ठेवलं होतं: अमुक दिवशी भर दुपारी दोन्ही भोंगे वाजवायचे, आणि आपल्या फोनवर आवाज टिपून ठेवायचा. त्याच वेळी बाई शाळेच्या अंगणात फोन धरून उभ्या राहिल्या.

परत आल्यावर त्यांनी बॉसकडे मीटिंग मागितली. प्रकल्पाचे दोन अधिकारी पडद्यावर होते. बाईंनी आधी वीजघरातलं रेकॉर्डिंग लावलं. भोंगा असा कर्कश वाजला की काचेपलीकडची माणसं माना वळवून बघायला लागली. पडद्यावरचे अधिकारी हसले. एक जण म्हणाला, "मॅडम, वी टोल्ड यू."

"आता हे शाळेतलं," बाई म्हणाल्या. "त्याच वेळचं."

खोलीत नदी सुरू झाली. नुसती नदी. दगडांवर आपटणारं पाणी, अखंड. मधेच एक कोंबडी. एक मूल हसलं, मास्तरांनी त्याला गप्प केलं. पुन्हा नदी. आम्ही सगळे कान देऊन ऐकत होतो. बॉस टेबलावर पुढे वाकले होते. बराच वेळ गेला आणि रेकॉर्डिंग थांबलं.

"भोंगा कधी सुरू होतो?" बॉसनी विचारलं.

"संपला," बाई म्हणाल्या. "दोन्ही वाजून संपले."

 पडद्यावरच्या एकाने म्हटलं की वाऱ्याची दिशा बघायला हवी. बॉसनी हात वर करून त्याला थांबवलं आणि बाईंना विचारलं, "ते हसलं, ते मूल केवढं होतं?"

"पहिलीतलं."

बॉस खुर्चीत मागे टेकले. "तुम्हाला जे वाक्य लिहायचं ते लिहा," ते म्हणाले.

बाईंनी लिहिलं: गावाला इशारा पोचत नाही. त्यावरून बरंच रामायण झालं. प्रकल्पवाल्यांनी काम दुसऱ्या कंपनीला देण्याची धमकी दिली, बॉस बधले नाहीत, आणि विमा कंपनीने ते वाक्य वाचून पॉलिसी अडवून ठेवली. शेवटी गावात शाळेच्या छपरावर तिसरा भोंगा आला, आणि नदीकाठापासून वरच्या गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, पटांगणापर्यंत दगडी पायऱ्यांची वाट झाली. पॉलिसी सुटली आणि बॉसना वाटलं, प्रकरण मिटलं. मलाही वाटलं.

बाईंना वाटलं नाही. भोंग्याची पहिली चाचणी झाली त्या दिवशी मास्तरांनी व्हिडिओ कॉल लावला. भोंगा वाजल्याबरोबर सगळं गाव भोंगा बघायला नदीकडे खाली आलं. बाई आमच्या स्वयंपाकघरात लाटणं हातात घेऊन फोनकडे बघत राहिल्या.

"मास्टरजी," त्या म्हणाल्या, "ये तो उल्टा हो गया. फिर से."

"आज ही, मॅडमजी?"

"आज ही."

मग दर महिन्याला हे चालायचं. मास्तरांनी त्याची शर्यत केली. जे घर सगळ्यांत आधी पटांगणात पोचेल त्याला चहाचं पाकीट. बाई इकडून एकेकाची झडती घ्यायच्या. "नीले दरवाजेवाली दादी को कौन उठाएगा? नाम बताओ. 'कोई भी' नाम नहीं होता." हळूहळू गाव तयार झालं. एकदा तर निळ्या दरवाज्याची आजी पाठकुळी बसून पहिली आली आणि तिने फोनमध्ये तोंड घालून बाईंना काहीतरी सुनावलं. मास्तरांनी त्याचं भाषांतर केलं नाही.

त्यानंतरच्या वर्षी, तिकडच्या पावसाळ्यात, सकाळी ऑफिसात बातमी आली. वर हिमकडा तळ्यात कोसळला होता. बांध फुटला होता. वीजघराशी संपर्क नव्हता. मास्तरांचा फोन लागत नव्हता.

बाई त्यांच्या जागेवर बसून राहिल्या. मी उपग्रहाची नवी चित्रं शोधत होते, पण खोऱ्यावर ढग होते. बॉस दोनदा येऊन पडद्यावरचे ढग बघून गेले. जेवायच्या सुटीत बाई उठल्या नाहीत. मी त्यांच्यापुढे कॉफी ठेवली, ती तशीच थंड झाली. मी म्हटलं, "बाई, ते पोचले असतील." त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. तुलाही नाही."

दुपार कलल्यावर फोन वाजला. मास्तर एका उंच कड्यावर चढून बोलत होते. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला. आवाज तुटत होता. भोंगा वाजला होता. शाळा गेली. झुलता पूल गेला. नदीकाठची सगळी शेतं गेली. माणसं वर आहेत. पोरं वर आहेत.

"सब?" बाईंनी विचारलं.

 मास्तर म्हणाले, सगळे वर आले होते. त्यातला एक म्हातारा बकऱ्या सोडवायला परत खाली गेला. दोघांनी धरलं होतं, हात झटकून गेला.

बाईंनी त्याचं नाव विचारलं. मास्तरांनी सांगितलं. बाईंनी ते एकदा स्वतःशी म्हटलं आणि मग लगेच, "बच्चे कहाँ सोएँगे आज?"

त्या संध्याकाळी आम्ही सेरांगून रोडच्या मोठ्या दुकानात ताडपत्र्या आणि पोरांचे स्वेटर घेत होतो. सिंगापुरात स्वेटर मिळणं कठीण. बाईंनी तीन मजले पालथे घातले. घरी येताना एमआरटीच्या मेट्रो गाडीत, मांडीवर पिशव्या घेऊन, त्या पहिल्यांदा रडल्या. तोंड फिरवलं नाही, डोळे पुसले नाहीत. यिशुन आलं तशा पिशव्या उचलून उतरल्या.

वीजघरात छपरापर्यंत चिखल भरला होता. त्याची भरपाई विमा कंपनीला द्यावीच लागली. बॉस एकदा मला म्हणाले, "आपण त्या प्रकल्पाला हो म्हणालो ही चूकच होती. पण नाही म्हणालो असतो तर तिसरा भोंगा कुणी लावला असता, हे मला सांग." 

इथल्या मराठी मंडळींना हे समजलं तेव्हा त्यांनी गणपतीत बाईंचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, आणि एका बँकेतल्या गृहस्थांचं भाषण. त्यांनी बाईंना एका गावाची जीवनदाती म्हटलं. बाई माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "पळाले ते लोक. मी फक्त त्यांच्या मागे लागले होते. आणि एक माणूस गेला आहे, त्याचं नाव इथे कुणी घेतलं नाही." त्यांनी ते नाव घेतलं आणि खाली येऊन बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोकांना कळेना.

त्यानंतर काही महिन्यांनी मास्तरांचा फोन आला. सरकारकडून नव्या शाळेसाठी मदत मंजूर झाली होती. ते आनंदात होते. बाईंनी विचारलं, कुठे बांधताय. मास्तर घुटमळले. गावात सपाट जागा एकच होती, नदीकाठची, जुन्या शाळेची. पुराने ती आणखी सपाट करून दिली होती. गावसभेत तसंच ठरलं होतं. तळं आता रिकामं झालंय, असं सगळे म्हणत होते.

"उसके ऊपर एक और है," बाई म्हणाल्या. "छोटा है. बढ़ रहा है."

"मॅडमजी, लोग मानते नहीं."

"मैं आती हूँ."

मी त्यांना थोपवायचा प्रयत्न केला. गुडघा तोवर कामातून गेला होता, डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. बाईंनी ती पुढे ढकलली, निवृत्तीचा अर्ज बॉसच्या टेबलावर ठेवला आणि गेल्या. त्यांना नव्याने बांधलेल्या झुलत्या पुलावरून खुर्चीत बसवून न्यावं लागलं. याबद्दल त्यांना पुढे कितीतरी दिवस अपमान वाटत होता. गावात त्या पंधरवडाभर राहिल्या. रोज संध्याकाळी गावसभा भरायची, लोक म्हणायचे, नदीकाठची जागा सोयीची आहे, पोरांना चढ नको. बाई म्हणायच्या, शाळा वर हवी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी त्यांना ज्या घरात ठेवलं होतं त्या घरची माणसं थकली, मग शेजारची, मग सरपंच.

मी तोवर दुसरीकडे राहायला गेले होते; गेल्या वर्षी यिशुनला त्यांना भेटायला गेले तेव्हा ऑपरेशन झालेला गुडघा स्टुलावर ठेवून त्या मटार सोलत होत्या. मास्तरांनी पाठवलेला फोटो त्यांनी मला दाखवला. गोम्पाच्याही वर, डोंगर खोदून काढलेल्या चिंचोळ्या जागेत लाल पत्र्याची शाळा, आणि खालून दप्तरं घेऊन धापा टाकत येणारी पोरं.

"रोज एवढं चढावं लागतं म्हणून त्यांच्या आया मला अजून शिव्या देतात," बाई म्हणाल्या. "मास्तरांनी कळवलंय. दोन-तीन शिव्या तर अगदी नव्या आहेत."

आणि त्या समाधानाने पुढची शेंग सोलायला लागल्या.